बियाण्यासारखी पारखलेली गोळी

मी तसा कमी बोलणारा माणूस. पण ही फजिती मीच सांगितलेली बरी, नाहीतर आमच्या रेणापुरात तिखटमीठ लावून सांगणारे लई आहेत!

आमच्या बायकोला, गोदाबाईला, बीपी आहे. गोळी महागाची. एकदा बघतो तर काय, ही एक दिवस गोळी घेते आणि एक दिवस नुसती पाण्यावर भागवते!

"असं का गं?"

"पाकीट जास्त दिवस पुरतंय न्हवं!"

मी तिची डॉक्टरची चिठ्ठी खिशात घातली. दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं. तिथं जेनेरिक औषधांच्या दुकानात फरजाना नावाची पोरगी बसते. तिनं चिठ्ठी वाचून पाकीट दिलं. किंमत मी दोनदा विचारली.

"बेटी, एवढी स्वस्त? बोगस तर न्हाई?"

"चाचा, औषध तेच हाय. वर कंपनीचं मोठं नाव न्हाई, एवढाच फरक. बिनधास्त न्या."

किती मायेनं सांगितलं पोरीनं! पण मागच्या साली स्वस्तातलं सोयाबीनचं बी आणलं, ते उगवलंच नाही. तेव्हापासून मी बियाणं आधी ओल्या गोणपाटात ठेवून, उगवतं का ते पारखतो. मग गोदाबाईला न पारखलेली गोळी देऊ?

ठरवलं, आधी आपण खाऊन बघायची. मला बीपी नाही, हे कुणाच्या ध्यानात?

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. शंका वाढली. कापूस लावताना आपण एका जागी दोन दाणे टाकतो ना? तशा दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या.

कडबा टाकायला उठलो, तर म्हैस आडवी दिसायला लागली. म्हैस उभीच होती हो. आडवा मी झालो होतो!

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, बीपी कधीपासून आहे?"

"मला न्हाई, हिला हाय."

"मग गोळ्या तुम्ही का खाल्ल्या?"

"उगवतात का बघाया."

डॉक्टरांनी पाकीट उलटसुलट बघितलं. "गोळी एकदम चांगली आहे. माणूस तेवढा चुकला."

गोदाबाईनं पदर डोळ्याला लावला. "माझ्यासाठी मरायला निघाले होते व्हय?" लगेच पदर खोचून वर, "घरी चला, मग बघते!"

आता ती रोज गोळी घेते, न चुकता. गल्लीतल्या म्हाताऱ्या बिचकत विचारतात, "गोदाक्का, ती स्वस्तातली गोळी काम करती का गं?"

गोदाबाई माझ्याकडं बोट दाखवते. "करती की! ह्यांना म्हशीपुढं पाडून दाखवलंय तिनं."