ग्रित्तींचा वाडगा

ग्रित्तींच्या कारखान्यात वाडगा कुणी न्यायचा, यावरून आमच्या दरीत जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. बेर्गामो शहराच्या वरच्या अंगाला नदी अरुंद होते तिथे हा काडतुसांचा कारखाना. म्हातारा झक्कारिया ग्रित्ती मुळात शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचा. दुरुस्त बंदूक तपासायला काडतूस लागतं, म्हणून तो स्वतःच काडतुसं भरायला लागला, आणि बघता बघता बंदुका राहिल्या बाजूला. लाल पुठ्ठ्याची नळी, पितळी बूड, आत दारू आणि छर्रे, वर उडत्या तितराचं चित्र. पानगळीच्या दिवसांत कस्तूर पक्षी उतरले की घरोघरी मक्याच्या पिठाची पोलेंता आणि भाजलेली पाखरं असायची, आणि ती पाडणारं काडतूस ग्रित्तींचंच. दोन्ही महायुद्धांत सरकारनं त्यांच्याकडून सैन्याच्या गोळ्या करून घेतल्या. लढाया संपल्या, तेव्हा भिंतीत खिळे ठोकायच्या अवजारांसाठी बारकी काडतुसं निघाली. कारखान्याचं पोट कधी रिकामं राहिलं नाही.

पण काडतुसाचा सगळा जीव असतो तो बुडाशी बसवलेल्या टोपीत. नखाएवढी पितळी टोपी आणि तिच्यात स्फोटक मसाल्याचा एक ठिपका. हा मसाला ओला असतो तोवर गरीब. वाळला की त्याच्याकडे वाकडं बघायचीसुद्धा सोय नाही. तो कालवायची खोपी टेकाडामागे, आणि टोप्या भरणाऱ्या बायकांची खोली खाली नदीकडे. मधल्या पायवाटेनं तो वाडग्यात घालून आणायचा. वाडगा कागदाच्या लगद्याचा, वर ओलं फडकं. आणणाऱ्यानं मोठ्यानं गाणं म्हणत यायचं, म्हणजे सगळ्यांना कळतं की वाट सोडा, हाक मारू नका, हातातलं काही आपटू नका.

झक्कारियाच्या काळात वाडगा आणणारी एक पोरगी मसाला उडून वाटेतच गेली. बायकांनी काम टाकलं. म्हणाल्या, "कारखाना तुमचा, नफा तुमचा, मग वाडगा तेवढा आमच्या पोरींनी न्यायचा होय?" म्हाताऱ्याला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्या सकाळी घोगऱ्या आवाजात गाणं म्हणत तो स्वतः वाडगा घेऊन आला. तेव्हापासून कायदाच झाला, वाडगा ग्रित्तींच्या रक्तानंच न्यायचा. आणि नव्या माणसाचा हात कसा आहे ते टोपीखोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाईनं बघायचं. काठोकाठ दूध भरलेला वाडगा घेऊन त्याच वाटेनं चालायला लावायचं, मागून ती एकटीच चालणार, आणि वाटेत एक थेंब सांडला तरी हात वाईट. ती म्हणेल ते खरं. तिच्यापुढे मालकाचंही काही चालायचं नाही.

एर्सिलिया रोता ही ती जुनी बाई. परकर सावरत कामाला आली होती ती पोरवयात, आणि त्या खोलीतच मोठी झाली. अंगानं सुकडी, बोलायला कमी, पण टोपी भरताना तिची बोटं बघत बसावी अशी चालायची. तिला मुलगी झाली, इनेस. त्याच आठवड्यात मालकीणबाईंना मुलगा झाला, फुल्वियो, आणि बाई बाळंतपणातच गेल्या. मालक, म्हणजे झक्कारियाचा मुलगा ओत्ताव्यो, ते गाठोडं घेऊन एर्सिलियाच्या दारात आले. त्यांचा डावा हात जन्मापासून अधू, पोराला धड धरताही येत नव्हतं त्यांना. एर्सिलियानं काही न विचारता पोर ओढून घेतलं आणि एका अंगाला इनेस, दुसऱ्या अंगाला फुल्वियो घेऊन बसली. दूधआईला आमच्याकडे बालिया म्हणतात. फुल्वियोनं जगात पहिला शब्द उच्चारला तो हाच. पुढे तिचा नवरा लढाईत रशियाच्या बर्फात कायमचा राहिला, तेव्हा हीच दोन पोरं तिच्या कुशीत शिरून झोपली होती.

झक्कारियानंतर वाडगा त्याची लेक कार्लोत्ता नेत असे. तिनं लग्न केलं नाही. "दुपारी घरी येईन की नाही याचा भरवसा नाही, अशा बाईशी कोण लग्न करतंय?" असं ती स्वतःच हसून म्हणायची. मग तिचे गुडघे गेले. मालकांचा हात तसा. उरला फुल्वियो, मिसरूड फुटून दोनच वर्षं झालेला.

दुधाचा वाडगा घेऊन फुल्वियो निघाला त्या सकाळी एर्सिलिया त्याच्यामागून चालत होती. बायका आणि मालक आत, दार लावलेलं. पोरगा नीट चालला. खोटं कशाला सांगू, एक थेंबसुद्धा सांडला नाही. पण तिचं लक्ष वाडग्याकडे नव्हतंच. पुढे चाललेली ती मान, मानेवरचा तो लहानपणचा कुरळा केस, आणि उद्यापासून रोज सकाळी ही मान या वाटेनं जाणार, एवढंच तिला दिसत होतं. खोलीत शिरताच ती म्हणाली, "सांडलं. हात चांगला नाही."

फुल्वियोनं चमकून तिच्याकडे बघितलं. आधी त्याला नवल वाटलं, आणि मग बिचाऱ्याच्या तोंडावर सुटकेचं जे काही आलं ते त्याला लपवता येईना. तो वाडगा ठेवून बाजूला झाला.

जोकोंदा म्हणून एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "घ्या! आता उद्यापासून वाडगा काय कोंबडीच्या डोक्यावर द्यायचा? ग्रित्ती तर संपले सगळे."

बायका हसल्या, पण मनातून हबकल्या होत्या. ग्रित्तींचं कुणी नाही म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे चूल बंद. तेवढ्यात मागच्या बाकावरून इनेस उठली. "मी नेते की! एकाच दुधावर वाढलोय आम्ही दोघं. हा बघा केवढा ताडमाड झालाय माझ्या वाटचं पिऊन. आता थोडं ग्रित्तीपण मला द्या."

"अगं ए, दूध म्हणजे रक्त नव्हे," कुणीतरी म्हणालं.

"का नव्हे? दूधभावाशी लग्न लावायला पाद्रीबाबा तयार होईल का? विचारा जाऊन! लग्नाच्या वेळी मी त्याची बहीण ठरते, मग वाडग्याच्या वेळी का नाही?"

खोली खो खो हसली. मालकांनी डोळे पुसले. एर्सिलिया कशीबशी म्हणाली, "लहान आहे ती अजून."

"फुल्वियोएवढीच आहे," जोकोंदा म्हणाली. "पोटच्या पोरीचा हात तू बघायचा नाहीस, मी बघते." आणि तिनं बघितला. इनेसनं दूध आणलं ते जणू भिंतीतल्या फळीवर ठेवलेलं असावं इतकं स्थिर.

त्या संध्याकाळी घरी इनेस पोलेंता ढवळत होती. म्हणाली, "आई, तुझं तोंड असं का झालंय? कुणी मेलंय का?"

"तू नको नेऊस."

"मग कोण नेणार? फुल्वियो? तूच म्हणालीस ना, सांडलं म्हणून?"

एर्सिलिया उठून ताटं मांडायला लागली. खरं बोलावं तर फुल्वियो जातो. आणि ज्या शब्दावर सगळ्या खोलीचा जीव टांगलेला, तोच शब्द खोटा निघाला म्हटल्यावर उद्या बायका तिच्या तोंडाकडे तरी बघतील का? शिवाय इनेसचा हात खरंच फार चांगला होता. हेच ती मनाला सांगत राहिली. मनाला काय, सांगाल ते ऐकतं.

आणि चार वर्षं सगळं ठीक चाललं की! इनेसचा गळा म्हणजे बेसूर, पण आवाज असा की नदीपलीकडच्या शेळ्या माना वर करायच्या. गाणी स्वतःच जुळवायची, आणि त्यात खोलीतल्या एकेकीची खोडी काढायची. जोकोंदाच्या मिशीवर तर रोज नवं कडवं. जोकोंदा आत दात ओठ खात बसायची, कारण वाडगा आणणारीशी बोलायचं नाही. वाडगा खाली ठेवला की मग तोंडाचा पट्टा सुटायचा. "थांब कार्टे, तुझ्या लग्नात मी गाणार आहे, तेव्हा बघ!" फुल्वियो बेर्गामोच्या दुकानात काडतुसं विकायला बसत होता, आणि रविवारी कॉफीची पुडी घेऊन जेवायला यायचा. जेवताना दोघं लहानपणासारखी भांडायची. एर्सिलिया दोघांच्या ताटांत वाढायची, आणि रोज सकाळी ते गाणं दारापाशी येऊन थांबेपर्यंत तिची बोटं मात्र जड पडायची.

त्या जानेवारीत डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता. अंगावरची लोकर चटचट करायची, ओठ फुटायचे, धुतलेलं कापड हातातच वाळायचं. खोलीत सगळ्यांनी गाणं ऐकलं. जोकोंदाचंच कडवं होतं, ती मान खाली घालून हसत होती. गाणं वळणापाशी आलं, आणि मग खिडकीच्या काचा आत आल्या.

काय झालं ते कुणालाच कळलं नाही. सरकारी माणसं आली, वाट मोजून गेली. काठावरचा मसाला वाळला असेल, फडकं सुकलं असेल, असेल, असेल. इनेसची पेटी हलकी होती. आमच्यातल्या चौघांनी खांद्यावर घेतली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मालक पेटीमागून बोडक्या डोक्यानं चालले. जोकोंदा दफनभूमीत एकदम ओरडली, "म्हण ना गं! काय म्हणायचं ते म्हण मला!" आणि तिला धरून बाहेर न्यावं लागलं.

कारखाना बरेच दिवस बंद राहिला. मग लोकांच्या घरातलं पीठ संपलं, आणि उघडायची वेळ आली. आदल्या दिवशी फुल्वियो एर्सिलियाकडे आला. ती काळ्या कपड्यांत चुलीशी बसली होती.

"बालिया, मी तेव्हा सांडलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मला माहीत होतं की तुला माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस मेल्या?"

"बरं वाटलं मला," तो म्हणाला आणि रडायला लागला. "सुटलो, असं वाटलं. तू का नाही बोललीस?"

"मलाही बरं वाटलं होतं," एर्सिलिया म्हणाली.

मग तो म्हणाला, "उद्या परत दूध भर. या वेळी खरं सांग."

सकाळी तिनं स्वतःच्या हातानं वाडगा भरला. तो चालला, ती मागून चालली. वळणापाशी जमीन अजून काळी होती. तिथे पोराचे हात जे कापायला लागले ते थांबेनात. दूध मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पायवाटेवर सांडलं, बुटांवर सांडलं. तो रडत रडत खोलीपर्यंत आला आणि वाडगा ठेवला तेव्हा तो निम्माही उरला नव्हता.

"सांडलं," एर्सिलिया म्हणाली.

"बालिया, मी शिकेन. थोडे दिवस दे."

"नाही, पोरा. सगळ्यांनी बघितलं."

मालक दारात उभे होते. म्हणाले, "मग बंद करतो मी सगळं. बस झालं." बायका जमिनीकडे बघत होत्या. बंद झालं तर खायचं काय, हाच हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात चालला होता. शेवटी जोकोंदाच उठली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "माझी पिएरा आहे," ती म्हणाली. "हात बरा आहे तिचा. ते ग्रित्तींच्या रक्ताचं आता सोडा, मी देते पोरगी. इनेसनं एवढी वर्षं..." बाजूच्या बाकावर पिएरा बसली होती, तिनं आईची बाही घट्ट धरली.

"खाली बस जोकोंदा," एर्सिलिया म्हणाली. "पोरी बिरी काही नाही. इनेस कशाच्या जोरावर चालली तुम्हाला? दुधाच्याच ना? मग ते दूध कुणाचं होतं? दोघांच्या तोंडात घातलं ते माझंच होतं. वाडगा मी नेते."

मग जोकोंदाच्या तोंडून निघून गेलं, "हो की गं. हे तर सरळच आहे."

बाकीच्याही माना हलवायला लागल्या. हो, सरळ आहे, बरोबर आहे, कुणाचं काही म्हणणं नाही. मालकही हो म्हणाले. एर्सिलिया मात्र बाकावर बसली आणि बसूनच राहिली. एवढं सरळ होतं तर हे त्या दिवशीही एवढंच सरळ होतं. तोच वाडगा, त्याच बायका, तेच दूध. इनेस मागच्या बाकावरून उठली तेव्हा आईनं एवढं एक वाक्य बोलायचं होतं. कुणी नाही म्हणणार नव्हतं. फुल्वियोही वाचला असता आणि इनेसही.

"मला हे तेव्हा का नाही सुचलं गं?" तिनं जोकोंदाला विचारलं. अगदी खरंखुरं विचारलं, उत्तर हवं म्हणून. जोकोंदानं तिचा हात धरला.

पुढे मसाला नळीतून आणणारं यंत्र येईपर्यंत वाडगा एर्सिलियानंच नेला. गाणं तिला म्हणवायचं नाही, म्हणून नुसतं "येतेय, येतेय" म्हणत यायची, आणि आत बायका श्वास धरून बसायच्या. वारा कोरडा असला तर ती जरा जास्तच सावकाश चालायची. जोकोंदाचं म्हणणं, वळणापाशी मुद्दाम थांबायची. काही झालं नाही. एकदाही काही झालं नाही. फुल्वियोची पोरं खांद्यावर खेळवून, पिकून पिवळी होऊन ती अंथरुणातच, झोपेत गेली. शेवटपर्यंत तिला राग होता तो त्या वाटेनं आपल्याला सोडल्याचाच.