मागचं धूसर, पुढचं लख्ख

फोटोची हौस असलेली चार माणसं एकत्र आली की फोटो राहतात बाजूला आणि किस्सेच जास्त जमतात! आमच्या 'क्लिक कट्ट्या'चं तेच झालंय. मोबाईल भरला की फोटो तरी उडवता येतात. किस्से कुठं उडवणार? मग असं कुणी भेटलं की सांगत बसायचं.

कट्टा म्हणजे आम्ही चौघंच. मी बारामतीत मेडिकलचं दुकान चालवतो. शुभांगी मॅडम दातांच्या डॉक्टर, पण एडिटिंगमध्ये आमच्या गुरू. तात्या निरवांगीचे बागायतदार, वयानं सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत हौशी. आणि कांबळे, इंदापूरचे, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून बाहेर पडायचं आणि दुपारी मॅडमच्या क्लिनिकमध्ये लॅपटॉप उघडून बसायचं, हा आमचा नेम.

आम्हा तिघांची नुसती हौस. कांबळ्यांचं तसं नव्हतं. पहिल्याच रविवारी त्यांनी पाकिटातून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून मॅडमसमोर ठेवला. जयंतीची मिरवणूक. पुढं सजवलेली बैलगाडी, तिच्या मागं झेंडा धरून उभा असलेला एक तरुण माणूस. बैलांच्या गळ्यातली घुंगरं दिसत होती, झेंड्याची काठी दिसत होती, त्या माणसाच्या सदऱ्याची बटणं दिसत होती. चेहरा मात्र बोटानं पुसल्यासारखा पांढुरका.

"आमचे बाबा," कांबळे म्हणाले. "हा एकच फोटो आहे. मी चालायला लागायच्या आधीच ते गेले. मॅडम, ह्यातून चेहरा काढता येईल का हो?"

मॅडम म्हणाल्या, "फोकस गाडीवर असणार. मागचं ब्लर होतंच."

"मग ते ब्लर काढायचंय मला. त्यासाठीच आलोय."



*

तात्यांना ब्लरची ओळख मी करून दिली. नवीन लेन्स घेतली होती. तात्या म्हणाले, "पयला फोटू माझा!" धुतलेलं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा, आणि स्वतःच्या डाळिंबाच्या बागेसमोर ऐटीत उभे. मी लेन्स पूर्ण उघडली आणि क्लिक! काय फोटो आला म्हणून सांगू! तात्यांच्या मिशीचा केसन् केस वेगळा, आणि मागं नुसतं हिरव्या-लाल रंगाचं मऊ मऊ धुकं. मी स्वतःच्या फोटोकडं बघून स्वतःच थक्क!

तात्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली.

"बाग कुठं हाय?"

"ब्लर केली, तात्या. प्रोफेशनल लोक असंच करतात."

"आरं, बाग दिसावी म्हणून तर मी हितं हुभा ऱ्हायलो! तीन एकर डाळिंब एका बटनात गायब?"

पण माणूस मोठा चौकस. घरी चहा पिताना हळूच माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "मेडिकलवाले, एक सांगा. शेजाऱ्यानं आमच्याकडं बांध कोरलाय. त्यो बी ह्यात गायब हुतोय का?"

*

नंतर तात्यांनी स्वतःच असा मोबाईल घेतला, ज्यात बटण दाबलं की माणसामागचं आपोआप धूसर होतं. मग काय! म्हैस पोर्ट्रेट, कोंबडी पोर्ट्रेट, विहिरीवरची मोटार पोर्ट्रेट!

त्याच दरम्यान त्यांना एक खिलार बैल विकायचा होता. त्याचा पोर्ट्रेट काढला आणि बैलबाजाराच्या ग्रुपवर टाकून दिला. बैल पांढरा शुभ्र, डोळे काजळ घातल्यासारखे. फोटो खरंच नजर लागावी असा! आणि फोन सुरू झाले.

"तात्या, जनावर झकास हाय. पर शिंगं कुठं हायती?"

मोबाईलला बैलाचं तोंड कळलं, शिंगं कळली नाहीत. तेवढी लांब शिंगं त्यानं मागचं झाड समजून धूसर करून टाकली होती! तात्या दिवसभर फोनवर ओरडत होते, "हायती हो शिंगं! चांगली हातभर हायती! खिलाराची समदी शान शिंगात, अन् ह्या येड्याला तेवढंच दिसंना!"

कहर म्हणजे एक जण सांगोल्याहून जीप करून आला. बिनशिंगाचा खिलार आयुष्यात पाहिला नव्हता म्हणून मुद्दाम बघायला! गोठ्यात शिंगं बघितली आणि बिचारा नाराज होऊन परत गेला.

*

मॅडमचं नाव निघालं की तात्या अजून तो लग्नाचा किस्सा काढतात. तात्यांच्या भाचीचं लग्न. फोटो मॅडमनी काढले, हौसेनं. घरी आल्यावर लॅपटॉपला सांगितलं, पाठीमागची गर्दी काढून टाक. सगळ्या फोटोंना एकदम! आणि स्वतः पेशंट बघायला गेल्या.

संध्याकाळी फोटो ग्रुपवर. मंडप मोकळा, उजेड सुंदर, नवरी चित्रातल्यासारखी. सगळ्या पाव्हण्यांनी वाहवा केली. तेवढ्यात तात्यांचा फोन.

"मॅडम, मंगलाष्टकाला नवरीच्या पाठीशी कोण हुभं असतंय?"

"मामा."

"मंग मी कुठं हाय?"

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. कॉम्प्युटरनं तात्या फेट्यासकट गायब केले होते. फक्त नवरीच्या खांद्यांवर दोन हात तसेच राहिले होते! मनगटाच्या मागं माणूसच नाही!

मॅडमना घाम फुटला. त्यांनी हजारदा माफी मागितली. तात्या म्हणाले, "जाऊ द्या ओ मॅडम. आख्ख्या लग्नात मला तेवढंच काम हुतं, भाचीच्या मागं हुभं ऱ्हायाचं. हात तर ठेवल्याती तुमी. कामापुरता मामा हाय की फोटूत!"

*

एका थंडीत मोरगावला गेलो होतो. सकाळची वेळ, ज्वारीच्या पानांवर दव. कांबळे एका पानासमोर गुडघे टेकून बसले ते उठायलाच तयार नाहीत. शेवटी त्यांनी फोटो दाखवला आणि आम्ही अवाक् झालो. मागचं सगळं रान धूसर, पण पानाच्या टोकाला लटकलेल्या त्या एवढ्याशा थेंबात अख्खं मोरगाव उलटं उभं होतं! देवळाचं शिखर, लिंबाचं झाड, आणि फाट्यावर थांबलेली लाल एसटीसुद्धा!

तात्या म्हणाले, "मायला! त्या थेंबात येष्टी मावली! कंडक्टर बी दिसतुय का बघा."

आम्ही हसलो. कांबळे हसले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "मागं सगळं पुसलंय, पण थेंबात आहेच ना? म्हणजे पुसलेलं कुठंतरी शिल्लक असतंच."

मॅडम बाई खरं बोलणाऱ्या. "थेंबाचं वेगळं असतं, कांबळे. फोटोत जे ब्लर झालं ते गेलं. सॉफ्टवेअर फार तर अंदाज करतं."

"अंदाज तर अंदाज," कांबळे म्हणाले. तेव्हा त्यांच्याकडं बघवलं नाही मला.

*

आणि मग तो अंदाज करणारा प्रोग्राम आला. मॅडमनी कुठून तरी मिळवला. रविवारी दुपारी कांबळ्यांचा फोटो स्कॅन करून त्यात टाकला. स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला. आम्ही चौघं श्वास रोखून.

आणि चेहरा आला!

खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला. रुंद कपाळ, बारीक मिशी, सरळ नाक, शांत डोळे. पापण्यासुद्धा दिसत होत्या! आणि सगळ्यात कहर म्हणजे डिट्टो कांबळे! तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कांबळे उठले, क्लिनिकच्या बेसिनपाशी गेले आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिले.

मोठी प्रिंट काढली, छान फ्रेम केली. पुढच्या रविवारी आम्ही सगळे इंदापूरला, कांबळ्यांच्या घरी. त्यांची आई पडवीत गवार मोडत बसली होती. कांबळ्यांनी फ्रेम तिच्या पुढ्यात धरली.

"आई, कोण आहे सांग."

आईनं पदरानं चष्मा पुसला. नीट पाहिलं. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"देखणा हाय," ती म्हणाली. "तुझ्या कारखान्यातला हाय का कोण?"

"आई, बाबा आहेत!"

तिनं पुन्हा पाहिलं. मग मान हलवली. "न्हाय बाबा. ह्यो आपला न्हाय."

मॅडमनी खाली बघितलं. कांबळ्यांच्या हातातली फ्रेम मी माझ्याकडं घेतली. एवढ्या वर्षांनी सापडलेला बाप माणसाच्या डोळ्यांदेखत परका झाला होता. 

आईच म्हणाली, "आपला फोटू कुठाय?"

कांबळ्यांनी पाकिटातून तो जुना फोटो काढून दिला. तिनं चष्मा काढून बाजूला ठेवला, फोटो अगदी डोळ्यांशी नेला, आणि त्या पांढुरक्या डागावर बोट ठेवलं.

"ह्ये हायती की. हसत्याती बघ."

आम्ही सगळे वाकलो. तिथं ना ओठ होते ना डोळे.

"आई, ह्यात काहीच दिसत नाही गं. चेहरा पुसलाय."

"पुसंल न्हाय तर काय! फोटूवाला म्हनत हुता, हलू नगा. समदी दम धरून हुभी. मी ह्या अंगाला, तू माझ्या कडंवर. तू रडाया लागलास, अन् ह्यांनी वळून तुझ्याकडं बघितलं."