टीसीकाकांची पाळत

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. बावीस वर्षं छातीतले पुसट डाग ओळखून नजर तयार झालेली. गेल्या हिवाळ्यात तिने जुनी दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला आणि रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागली. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता.

समोरच्या इमारतीतल्या टीसीकाकांना हे काही पचेना. ते रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. दिव्यांनी आभाळ नारिंगी झालंय, धड चार चांदण्या दिसत नाहीत, मग ही बाई फोटो काढते कसले? आणि दुर्बिणीचं तोंड आपल्याच खिडकीकडे का? त्यांनी बायकोला पडदे ओढायला लावले आणि स्वतः फटीला डोळा लावून बसले. आठवड्याने नोंदींची वही घेऊन, तिच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाईंसह ते तिच्या दारात उभे राहिले.

"फोटो दाखवा. सगळे."

तिने कॉम्प्युटर उघडला. तीनशे चाळीस फोटो, सगळे गढूळ चहासारखे.

"यात तर काहीच नाही," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"म्हणजे खरे लपवलेत," काका म्हणाले.

"काका, एका फोटोत काही येत नाही. सगळे एकावर एक रचायचे, शहराचा उजेड वजा करायचा."

तिने त्यांच्यासमोरच ते केलं. पंधरा मिनिटांनी पडद्यावर लालसर ढग पंखासारखा पसरला.

"अगं बाई!" सेक्रेटरीबाईंच्या तोंडून निघालं.

"इंटरनेटवरून उचललाय," काका ठामपणे म्हणाले. "खोटे पास बघण्यात माझा जन्म गेला."

हे मात्र तिला झोंबलं. खिडकीत डोकावण्याच्या आरोपापेक्षाही जास्त. तिने एक फोटो मोठा केला. त्यात पांढरी रेघ होती. "हे विमान आडवं आलं. मंगळवारी, आठ बाराला. हेपण इंटरनेटवरून आणलं का?"

काकांनी वही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मंगळवार. ८.१२. विमान गेलं. बाई चरफडली.'

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

माफी त्यांनी मागितली नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन ते तिच्या गच्चीवर आले. दुर्बिणीतून त्यांना फक्त फिकट धूसर ठिपका दिसला.

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचं जमवावं लागतं."

दोन तास ते हलले नाहीत. उठताना म्हणाले, "उद्या लवकर येतो. तुम्ही सुरुवातीला काय करता, ते बघायचं राहिलंय."