सूर्यमाळहून आलेला डबा

आधीच सांगते, मला या भुताखेतांच्या गोष्टी अजिबात पटत नाहीत. इथे लोक लिहितात ना, खिडकीत कोणीतरी उभं होतं, जिन्यात पैंजण वाजले... ते मी चहा पिताना वाचते आणि हसून सोडून देते. माझ्या अनुभवात तसलं काहीच नाही. ना आवाज, ना सावली. नुसती घाण आहे. शिसारी यावी अशी घाण, आणि ती रोज माझ्या हातून जाते, म्हणून लिहितेय.

मी भाईंदर पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या लघवीच्या, संडासच्या, बेडक्याच्या डब्या उघडणं हे माझं काम. ते उरकलं की हात धुऊन शेजारच्या खोलीत मी निवांत पोहे खाते. नवरा म्हणतो, देव तुला किळस द्यायला विसरला. तर अशा बाईवर काय वेळ आली ते ऐका.

बाबा गेले आणि आईला मी माझ्याकडे आणलं, मीरा रोडला पूनम सागरमध्ये. आईने जेवण टाकलं होतं. म्हणजे रडणं नाही, रुसणं नाही... ताटावर बसायची, भात इकडचा तिकडे करायची आणि 'पोट भरलं गं' म्हणून उठायची. सगळे रिपोर्ट मीच काढले, सगळे नॉर्मल. गाऊन अंगावर लटकायला लागला होता. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकायची. दुसऱ्यांची रक्तं तपासणारी मी, आणि माझी आई माझ्यासमोर वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जरा हवापालट करा.

म्हणून माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ट्रिप काढली. मोखाड्याच्या पुढे सूर्यमाळ आहे ना, तिथे कुणाचातरी बंगला दोन दिवस घेतला. थंडीचे दिवस. आई, मी, दादा-वहिनी, त्यांची मुलगी प्राची आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, एवढेच. माझ्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरांमधून स्टीलचे डबे सतत फिरत असतात. वहिनीच्या चकल्या माझ्याकडे, माझ्या वड्या मावशीकडे. डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही, अगदीच काही नसेल तर मूठभर साखर घालायची. आणि या भांड्यांवर नावं कुणाची असतात, तर ज्याने कधीकाळी आहेरात दिली त्याची. माझ्याकडच्या परातीवर कुणा वसुमतीबाईंचं नाव कोरलंय. त्या कोण, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यामुळे अनोळखी डबा दिसला तर आमच्यातली कुठलीही बाई दचकत नाही. दुसरीचा असेल म्हणते आणि मोकळी होते.

सूर्यमाळला दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पत्ते खेळत बसलो होतो आणि आई बाहेर व्हरांड्यात उन्हाला बसली होती. बघते तर मांडीवर डबा आणि आई खातेय! घास टाकायचा म्हणून टाकत नव्हती, बोटं चाटून खात होती. दादाने मला कोपराने ढोसलं. मी जाऊन विचारलं काय आहे, तर म्हणाली भोपळ्याचे घारगे, लग्नाआधी खाल्ले होते असले. मला वाटलं मावशीने आणले. मावशीला वाटलं वहिनीने. वहिनीला वाटलं मी. कुणी विचारलंच नाही हो! आई जेवतेय म्हटल्यावर आम्हाला आभाळ ठेंगणं झालं होतं. व्हरांड्यात कसलातरी वास होता, तो आम्ही शेजारच्या गोठ्यावर ढकलला.

तो वास जव्हारचा घाट उतरताना गाडीत आला. दादा म्हणाला उंदीर मेलाय बॉनेटमध्ये. काचा उघड्या ठेवून, कुडकुडत आम्ही घरी पोचलो. प्राची दोनदा ओकली. आई मात्र पिशवी पोटाशी धरून गाढ झोपली होती.

घरी आल्यावर पिशवीतून तो डबा निघाला. साधा, मध्यम, कडीचा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं — 'कै.', मग बरीच मोकळी जागा, मग 'यांच्या स्मरणार्थ'. वाटलं, नाव घासून घासून गेलं असेल. श्राद्धाला भांडी वाटतात त्यातला कुणाचातरी. मी तो स्वच्छ घासून ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, त्या डब्यात दे.

मी मुगाची गरम खिचडी घातली. आईने झाकण लावलं, कडी अडकवली, जरा थांबली, मग उघडलं.

मी रोज काय काय बघते ते वर सांगितलंच आहे. पण शी... लिहितानाही घशाशी येतंय. खिचडीवर राखाडी लोकरीसारखी बुरशी चढली होती आणि तिच्याखाली सगळं गिळगिळीत झालं होतं. आईने चमचा वर केला तर तार सुटली. लाळेसारखी, लांब. आणि वास — फडताळात कुजलेलं फडकं, त्यात कुणाच्या तरी न घासलेल्या तोंडाचा वास मिसळलेला. कुणीतरी ते आधी चघळून परत डब्यात ठेवल्यासारखं वाटत होतं. मी बेसिनकडे धावले. ओकून परत आले तोवर डबा निम्मा झाला होता आणि आई मला विचारत होती, तूप कुठलं गं घातलंस, छान आहे.

मी डबा हिसकावून घेतला, सगळं फेकलं. आईने भांडण केलं नाही. नुसती जेवलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तसाच दिसणारा दुसरा डबा आणून दिला, तर उघडून वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला फसवतेय. शेवटी मी हात टेकले. डब्यात वरण-भात घातला, तिच्यासमोर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

महिन्याभरात आईचं वजन वाढलं. गालांवर तुकतुकी आली. रक्त मीच काढलं, मीच तपासलं, हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं! मग मी एक दिवस डब्यातल्या त्या चिकट घाणीचा स्वॅब लॅबमध्ये नेला आणि कल्चरला लावला. म्हटलं, कुठलातरी जंतू उगवेल, नाव कळेल, औषध देता येईल. प्लेट कोरी. परत लावली, परत कोरी. अहो, नुसत्या हवेत धरलेल्या प्लेटवरही दोन ठिपके उगवतात! आमचे सर हसून म्हणाले, बाई, हे तर ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ आहे. मी डबाही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या यंत्रात, घालून काढला. काही फरक नाही.

मग मला सुचलं की डबा ज्याचा त्याला देऊन टाकावा. मावशी फोनवर म्हणाली माझा नाही, म्हणजे वहिनीचाच. संक्रांतीच्या सुमारास मी रिकामा नको म्हणून ताज्या गूळपोळ्या घालून तो नवघरला वहिनीकडे पाठवला. आणि तिने काय करावं? न उघडता तसाच ठेवला आणि हळदीकुंकवाच्या दिवशी, मी, आई आणि पंधरा-वीस बायका बसल्या असताना, आमच्या स्मिताताईंच्या हातच्या पोळ्या म्हणून मोठ्या कौतुकाने सगळ्यांसमोर उघडला.

बायका पदर नाकाला लावून उठल्या. एकीने तिथेच, चपलांजवळ ओकलं. वहिनीचं तोंड लाल झालं. असलं द्यायचं होतं तर दिलंच कशाला, असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, आणि मीही गप्प बसणारी नाही, मीही तोंड सोडलं. आमची जुंपलेली असताना, डबा गेल्यापासून न जेवलेली आई उठली, डब्यातला तो लिबलिबीत तुकडा उचलला आणि चवीने खाल्ला. निघताना डबा तिने परत पिशवीत घातला. वहिनी तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलायला लागली. तिला वाटतं, मी आईला शिळंपाकं घालते. आणि तिचंही काय चुकलं? बघणाऱ्याला तसंच वाटणार.

पुढे प्राचीचा साखरपुडा ठरला, भाईंदरच्या एका हॉलमध्ये. मी आईला हात जोडून सांगितलं, आजच्या दिवस डबा नको. हो म्हणाली. आणि जेवायला बसल्यावर पर्समधून काढलाच! ताटातली बासुंदी, बटाट्याची भाजी, पुरी, सगळं एकत्र त्यात लोटलं आणि झाकण लावलं. मी टेबलांमधून पळत पोचेपर्यंत तिने कडी काढली होती. मुलाकडची माणसं समोरच बसली होती. व्याहीबुवा हातातला घास ठेवून उठले. मुलाच्या आईने आमच्या आईच्या बोटांवरून ओघळणारं ते पिवळट-राखाडी बघितलं आणि तिला उमासाच आला. प्राची स्टेजवर रडायला लागली. दादा, जो आयुष्यात आईशी आवाज चढवून बोलला नाही, तो तिच्यासमोर येऊन हळू म्हणाला, "आई, तुला लाज नाही का वाटत?"

आई त्याच्याकडे बघतच राहिली. हात तसेच, भरलेले.

मला आईची किळस आली. डब्याची नाही, आईची. हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितेय. त्याच संध्याकाळी मी रिक्षा करून खाडीवर गेले आणि जेट्टीवरून डबा लांब फेकला. उघडाच फेकला. पाणी भरून बुडताना मी स्वतः पाहिला.

सोयरीक टिकली, माणसं समंजस होती. पण आई... आईने त्या दिवसापासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चिडचिड नाही, हट्ट नाही. आठवड्याने तिला सलाइन लावायला लागलं. शीर सापडेना. मला! इतकी वर्षं लोकांच्या शिरा शोधतेय आणि माझ्या आईच्या हातात मला शीर सापडेना. डॉक्टर नाकातून नळी घालायचं बोलायला लागले. मग मी राग गिळला आणि नवघरला गेले. म्हटलं, वहिनीच्या हातचं घेऊन जाते, कदाचित ते खाईल.

वहिनीने दार उघडलं. पाणी द्यायला आत गेली म्हणून मी मागोमाग गेले. मांडणीवर धुतलेल्या भांड्यांत तो डबा पालथा घातलेला होता. कडी तीच. 'कै.', मोकळी जागा, 'यांच्या स्मरणार्थ'.

मी विचारलं, हा कुठून आला. वहिनी जरा घुश्श्यातच होती. "आता मलाच विचारा. सकाळी दारात ठेवलेला होता, मला वाटलं तुम्हीच ठेवून गेलात. भांडण आपल्या जागी, स्मिताताई, पण रिकामा डबा ठेवून गेलात याचं मला वाईट वाटलं."

खाडीत फेकला म्हणून सांगितलं असतं तर तिने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं. आणि ती तरी शेवटी आमच्याच घरातली... रिकामा कसा देऊ म्हणून तिने त्यात आईसाठी शिरा घातला. चांगला, साजूक तुपातला, वेलची घालून. मी झाकण लावू नको म्हणायच्या आत तिने लावलं.

परतताना रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. मग म्हणाला, मॅडम, कुछ मरा हुआ लेके जा रहे हो क्या? मी मान खाली घालून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वासाने की कशाने, माझं मला कळत नव्हतं.

आईच्या हातात चमचा धरायचं त्राण नव्हतं. म्हणून त्या शिऱ्याचा घास मी माझ्या हाताने केला. बोटांना लागला तेव्हा तो कोमट होता आणि आतून काहीतरी बारीक हलल्यासारखं वाटलं. श्वास रोखून मी तो तिच्या तोंडात घातला. तिने डोळे मिटले, चावला, गिळला. मग दुसरा. आठ दिवसांनी माझी आई जेवत होती आणि मी एका हाताने तिला भरवत, दुसऱ्या हाताने तोंड दाबून बसले होते.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तो डबा भरते. लोक म्हणतात सवय होते. नाही होत. लॅबची झाली, याची नाही झाली. नवरा जेवायला हॉलमध्ये बसतो, पाहुणे येत नाहीत, शेजारचे जैन काका दोनदा ड्रेनेजची तक्रार करून गेले. आई ठणठणीत आहे. तो डबा कुणाचा, सूर्यमाळच्या त्या व्हरांड्यात कसा आला, खाडीतून नवघरला कसा पोचला, मला सांगता येत नाही. ज्यांना येत असेल त्यांनी जरूर लिहा. पण फेकून द्या असं लिहू नका, प्लीज.

गेल्या रविवारी आईने नेहमीसारखं बोटं चाटून संपवलं आणि झाकण पदराने पुसत बसली. पुसता पुसता म्हणाली, "माझ्यानंतर भांडी वाटाल ना, तेव्हा हा वहिनीला देऊ नकोस हं. तू ठेव. नावाची जागा मोकळीच आहे."

मी बरं म्हटलं. मग नाकाला ओढणी बांधली आणि डबा घासायला घेतला.