गोधड्यांबरोबर धुतलेला गालिचा

गेल्या वर्षी पितृपक्षात, एका रविवारी, आम्ही दिवाणखान्यातला गालिचा गोधड्यांबरोबर धुतला. तोपर्यंत त्यातले कुत्र्याचे केस निघत होते. त्यानंतर निघाले नाहीत.

गालिचा लोकरी, गर्द लाल, दिवाणापासून टीव्हीच्या कपाटापर्यंत येणारा. वडिलांनी तो एका हिवाळी प्रदर्शनात काश्मिरी विक्रेत्याकडून घेतला होता. घरात हौसेने आणलेली त्यांची ती एकच वस्तू. ते गेल्यानंतर वर्षभरात कुत्रा आला. लॅब्रॅडॉर, फिकट पिवळा. आईने पहिल्या दिवशी त्याला स्वयंपाकघराच्या दारात अडवले. "इथून आत आला तर तंगडी मोडीन," असे ती त्याला म्हणाली. महिन्याभरात तव्यावरची पहिली भाकरी त्याची झाली. दुपारी आई गालिच्यावर दिवाणाला पाठ टेकून धान्य निवडत बसायची आणि तो तिच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपायचा. या जातीचे केस आखूड आणि ताठ असतात. झाडू फिरवला की वरवरचे निघतात, बाकीचे आडवे होऊन आत शिरतात. गर्द लाल रंगावर ते उभ्याने बघितले तर दिसत नाहीत. आपण खाली बसलो की दिसतात.

उन्हाळ्याच्या अखेरीस आईला दम्याचा झटका आला. दुपारची वेळ होती, ती गालिच्यावरच होती. दवाखान्यातून सोडताना छातीच्या डॉक्टरांनी घरात काय काय आहे ते विचारले. कुत्रा आणि गालिचा हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांनी लिहिणे थांबवले. "नुसता कुत्रा बाहेर काढून भागणार नाही," ते म्हणाले. "केस आहेत तोवर केसांवरचा कोंडा आहे, आणि कोंडा आहे तोवर यांचा त्रास आहे. आधी घर साफ करा. मग यांना आणा."

ताई त्याच आठवड्यात आईला नाशिकहून मनमाडला घेऊन गेली. दाजी रेल्वेत आहेत, त्यांचे घर मोठे आहे, आणि त्या घरात कुत्रा नव्हता. आमचा कुत्रा बायकोच्या माहेरी गेला. दिंडोरीकडे मेहुण्याचा द्राक्षाचा मळा आहे. गाडीत बसताना तो नेहमीसारखा खिडकीकडे जाऊन बसला.

आईने जाताना दोन गोष्टी सांगितल्या. गालिचा टाकायचा नाही. आणि नवरात्राला ती परत येणार, घट तीच बसवणार. ताईने मनमाडला घट बसतो याची आठवण करून दिली. "तो तुझ्या सासरचा," आई म्हणाली. "लेकीच्या घरी माझा घट कसा बसंल? नऊ दिवस दिव्यापाशी मीच पाहिजे." ती लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्याकडचा घट तिनेच बसवलेला आहे. सगळी मुदत त्यावरून ठरली.

व्हॅक्यूम क्लीनरने धूळ गेली, केस राहिले. रुंद चिकटपट्टी लावून ओढली तर लोकरच उपटून येऊ लागली. खाण्याचा सोडा टाकून ठेवला, वास गेला, केस राहिले. चालली ती एकच युक्ती. फरशीचा रबरी वायपर कोरडा ठेवायचा, जोर देऊन एकाच दिशेने, आपल्याकडे, वीतभर ओढायचा. रबराला धरून केस वर येतात आणि त्यांची वळी होते. ती हाताने उचलायची, पुन्हा तिथेच ओढायचे. वायपर काठाला पोचत नाही. तिथे बायकोने पाय घासायची वज्री लावली, आणि जिथे केस फार खोल होते तिथे आईची जुनी लाकडी फणी, जी एकेकाळी ताईच्या डोक्यातल्या उवांसाठी आणलेली होती. सकाळी बायको कामाला जाण्याआधी बसायची, संध्याकाळी मी बसायचो. झालेल्या भागावर पांढरा मोजा घालून चालायचे आणि तळवा खिडकीपाशी धरून बघायचा. मोजा स्वच्छ निघाला तरच पुढच्या वीतभर जागेला हात लावायचा.

आई रोज फोन करायची.

"कुठवर आलं?"

"टीव्हीकडची बाजू होत आली."

"आणि दिवाणाकडची?"

दिवाणाकडची बाजू तिची आणि कुत्र्याची होती. तिथे केस सगळ्यात जास्त होते आणि तिथे आम्ही अजून पोचलो नव्हतो.

"करतोय."

"करा. इथं लय कंटाळा आला. पाणी येईल तेव्हा येतं, सगळी भांडी भरून ठेवायची. त्याच्यातच दिवस जातो."

मागून दाजींचा आवाज आला. "सांगा त्याला, पाणी सोडून सगळं आहे म्हणावं मनमाडला. आणि आई, नाशिकच्या हवेची एवढी कौतुकं करता, दम लागायला बरोबर तिकडंच जाता."

"तुम्ही गप बसा," आई म्हणाली. ती हसत होती आणि तिला खोकला आला नाही.

गणपती बसले तेव्हा अर्ध्याहून अधिक गालिचा झाला होता. या वेगाने तो नवरात्राच्या आत पुरा झाला असता.

आमच्याकडे घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुतात. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे, पडदे. न धुतलेल्या घरात घट बसत नाही. फ्लॅटमध्ये गोधडी धुता येत नाही, पाणी आणि जागा दोन्ही लागते, म्हणून आम्ही दरवर्षी गोधड्या मळ्यावर नेतो. आईने फोनवर सांगितले, "गोधड्यांबरोबर गालिचा पण टाका गाडीत. वरवर झाडून काय होतंय? धुतल्याशिवाय माझा घट बसायचा नाही." बायको म्हणाली, "आईंचं बरोबर आहे." मलाही त्यात चूक दिसली नाही. राहिलेले केस पाण्याबरोबर निघून जातील असेच तिघांना वाटले. त्या रविवारी गालिचा गाडीच्या टपावर बांधला.

मळ्यावर विहिरीशेजारी मोठा हौद आहे. मोटार चालू केली, हौदात साबणाची पावडर टाकली, गोधड्या आणि गालिचा एकत्र भिजत घातला. गोधडी धुण्याची पद्धत ठरलेली आहे. ती आधी पायांनी तुडवतात, मग दगडावर घालून काठीने बडवतात. गालिचाही तसाच तुडवला. मेहुणा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौदात उतरला. "पाव्हणं, उतरा," तो म्हणाला. "शहरात राहून पाय मऊ झाले तुमचे." मीही उतरलो. पाणी काळे निघाले, त्यावर केसांचा थर तरंगत होता. तो पाहून सगळ्यांना समाधान वाटले. बायको म्हणाली, "बघा, दोन महिने उगाच वायपर ओढला."

कुत्रा त्या वेळी बांधलेला होता. गालिचा धुऊन बांधाशेजारच्या गवतावर वाळत घातला, त्यानंतर आम्ही जेवायला बसलो तेव्हा कोणीतरी त्याला सोडले. परत आलो तर तो गालिच्याच्या दिवाणाकडच्या बाजूवर झोपलेला होता. अंग ओले, हनुवटी पुढे.

"ओळखला की त्यानं," मेहुणा म्हणाला. "मी घरात घेतो तर येत नाय, इथं बघा कसा राजासारखा."

कुत्र्याला उठवायला वेळ लागला.

दुपारनंतर पाऊस आला. गालिचा गोळा करून शेडमध्ये टाकला. तो पुरा वाळायला आठवडा गेला आणि त्याला कुबट वास लागला. वाळल्यावर हात फिरवला तेव्हा तो आधीसारखा मऊ नव्हता. लोकर आखडली होती, तिचे धागे एकमेकांत गुंतले होते, आणि राहिलेले केस त्या धाग्यांत ओढले गेले होते. वायपर ओढला तर काहीच वर आले नाही. फणीचे दोन दात मोडले. मेहुण्याने बोटाने दाबून पाहिले. धनगर घोंगडी घट्ट करायला ओली करून तुडवतात, हे त्याने लहानपणी पाहिलेले होते. "ही घोंगडी झाली," तो म्हणाला.

नाशिकला आल्यावर गालिचे साफ करणाऱ्याला बोलावले. त्याने यंत्र लावले नाही. एक कोपरा उलटून पाठ बघितली, केस नखाने ओढून पाहिला, तो तुटला. "हे आता कापल्याशिवाय निघणार नाही," तो म्हणाला. आईला हे सांगितले नाही. गालिचा गुंडाळून मागच्या गॅलरीत उभा केला, वरून प्लॅस्टिक बांधले. दिवाणखान्याची फरशी फिनाईलने पुसली. पडदे नवे लावले. सोफ्याची खोळ बदलली. पांढरा मोजा घालून मी सगळ्या खोल्यांतून चाललो. मोजा स्वच्छ निघाला.

अमावास्येला आई आली. दाजी तिला नाशिकरोडला घ्यायला आलेल्या आमच्या हवाली करून त्याच फलाटावरून परत गेले. घरात पाऊल टाकताच तिने दिवाणाकडे पाहिले.

"गालिचा?"

"वाळायचाय अजून."

"एवढे दिवस?"

बायकोने तिची पिशवी आत नेली. तिने परत विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोपलीत माती पसरली, धान्य पेरले, घट ठेवला, दिवा लावला आणि पहिली माळ बांधली. श्वास व्यवस्थित होता. दुपारी ती रिकाम्या फरशीवर, तिच्या जागी, चटई टाकून बसली. झोपायला तिला तिची जुनी गोधडी दिली. धुतलेली, घडी घातलेली, साबणाचा वास असलेली.

दुसऱ्या माळेच्या सकाळी तिची छाती वाजू लागली. दुपारपर्यंत वाक्य पुरे होईना. दम्याचा फवारा घेऊन थोडे उतरले, संध्याकाळी पुन्हा चढले. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतले. बायको तिचे अंथरूण आवरायला गेली तेव्हा तिने गोधडी खिडकीसमोर धरली. टाक्यांच्या ओळींमध्ये, जिथे दोरा कापडात उतरतो तिथे, केस अडकलेले होते. तिने दुसरी गोधडी काढली. त्यातही होते. गालिच्यातून निघालेले केस हौदाच्या पाण्याबरोबर गेले नव्हते. ज्या गोधड्या त्या पाण्यात तुडवल्या होत्या त्या सगळ्यांत ते होते, आणि त्या गोधड्या घरातल्या प्रत्येक पलंगावर होत्या.

दवाखान्यातून आई सरळ मनमाडला गेली. पुढच्या माळा बायकोने बांधल्या. दिव्यात तेल घालायला दोघांपैकी एकजण घरी राहत होता. दसऱ्याला घट हलवला तेव्हा अंकुर चांगले वाढलेले होते. ताईने त्यांचा फोटो मागवला आणि आईला दाखवला. आई काय म्हणाली ते ताईने सांगितले नाही.

दिवाळीनंतर आईने स्वतः फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "कुत्र्याला आणा आता घरी."

"आई, मग तू कशी येशील?"

"मी कशाला येते? तो बिचारा तिकडं वावरात. द्राक्षांवर औषधं मारत्यात, त्याच्या नाकात जात असंल." मागून गाडीची शिट्टी ऐकू आली. "भाकरी खातो का तो? त्याला गरम लागती. गार दिली तर तोंड फिरवतो."

त्या महिन्यात कुत्रा परत आला. घरात शिरल्यावर तो दिवाणापाशी गेला, फरशी हुंगली, मग गॅलरीच्या बंद दाराशी जाऊन बसला. गोधड्या मेहुण्याने मळ्यावर नेल्या, मजुरांच्या खोलीसाठी. गालिचा गॅलरीत आहे.

थंडी संपताना आईने तिची उरलेली सुती पातळे आणि पोथी मागवली. ती न्यायला दाजी आले. पातळे कपाटात होती, ती गेल्यापासून कोणी काढलेली नव्हती. बायकोने ती एकेक करून गच्चीत उन्हात झटकली, दोन्ही बाजूंनी ब्रश फिरवला आणि घडी घालण्याआधी त्यांवर रुंद चिकटपट्टी दाबून ओढली.

चिकटपट्टीवर केस आले.