बारा कॉम्प्युटरांचं वजन

वजनकाटे तपासणाऱ्या त्या कार्यालयात त्याला सगळे वायरमन म्हणत. खरं तर तो कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच असल्यामुळे प्रमुखही तोच आणि शिपाईही तोच. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी तो टेबलाखाली शिरून कुणाची तरी सुटलेली वायर खोचत होता, तेवढ्यात साहेब आले, आणि पडलं ते नाव पडलंच. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा वरचं नाव वाचून निम्मं कार्यालय "हा कोण बुवा?" म्हणत घरीच राहिलं.

काम साधं होतं. दुकानदारांनी काटे आणि वजनं आणायची, यांनी तपासायची, बरोबर असली तर शिशाचं सील ठोकायचं. माणसं त्यात इतकी मुरलेली की चहावाल्याने जरा हात आखडला तर पेला उचलताच कळे. साहेब तर हस्तांदोलन करतानाही समोरच्याचा हात किंचित वरखाली करून पाहत.

टेबलाखालचे बारा कॉम्प्युटर मात्र पार म्हातारे झाले होते. एकाला सुरू व्हायला लाथ लागे, एकाचा पंखा गिरणीसारखा घरघरे. नवे आणावेत, तर काट्यांचे जुने प्रोग्रॅम नव्यावर चालायला तयार नाहीत. शेवटी वायरमनने तोड काढली. एक दणकट सर्व्हर घ्यायचा आणि बाराही कॉम्प्युटर जसेच्या तसे, आपापल्या जुन्या-नव्या सिस्टिमसकट, त्याच्या पोटात चालवायचे. टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि त्यांना सर्व्हरशी जोडणारी वहीएवढी डबी.

सर्व्हर आला. आता बाराजणांना आत नांदवणारं सॉफ्टवेअर कुठलं, एवढाच प्रश्न उरला. चाळून चाळून तीन राहिली. त्यांची नावं साहेबांच्या तोंडी बसेनात, म्हणून कार्यालयात ती थोरलं, मधलं आणि धाकटं झाली. थोरलं नावाजलेलं, पण नखरे फार. मधलं फुकट, आणि वायरमनचं सगळं मन त्याच्यावर. धाकटं कालपरवा बाजारात आलेलं, नावापुरतं ठेवलेलं.

घरी जेवताना त्याने हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं.

"म्हणजे स्वयंपाकघर एक आणि सुना बारा," सासूबाई म्हणाल्या.

"हो. आणि प्रत्येकीला वाटलं पाहिजे की अख्खं स्वयंपाकघर आपलंच आहे."

"मग जावईबापू, सून नका शोधू. सासू शोधा."

"तीच तर निवडतोय," वायरमन म्हणाला, आणि त्या रात्री तो समाधानाने झोपला. जगात एका माणसाला तरी त्याचं काम कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. वायरमनने मधल्याची बाजू घसा कोरडा होईपर्यंत मांडली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बारा कॉम्प्युटर आत घालणार म्हणता. वजन कितीने वाढेल?"

"वाढणार नाही, साहेब."

"बारा आत जाऊन?"

"ते खरे नसतात, साहेब. म्हणजे असतात खरे, पण..."

"वायरमन," साहेब शांतपणे म्हणाले, "या इमारतीत वजन न करता कुठल्याही गोष्टीला आजवर कुणी बरोबर म्हटलेलं नाही."

सर्व्हर परीक्षेला गेला. तळमजल्यावर इतर काट्यांची परीक्षा घेणारा एक मोठा काटा होता. त्याच्याजवळ बोलतानाही लोक आवाज खाली आणत. चौघांनी सर्व्हर उचलून त्यावर ठेवला. वायरचा भार पडू नये म्हणून साहेबांनी ती स्वतः शिडीवर चढून छताच्या आकड्याला सुतळीने टांगली. आधी रिकाम्या सर्व्हरचं वजन झालं. मग वायरमनने मधलं चढवून बाराही कॉम्प्युटर आत सुरू केले. काटा केसभरही सरकला नाही.

"म्हणजे आत कोणी गेलंच नाही," साहेब म्हणाले.

हेडक्लार्क होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या भडकल्या. "माझ्या कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या नोकरीचा पत्रव्यवहार आहे. त्याला काहीच वजन नाही?"

"पत्रव्यवहाराला नसेल बाई, तुमच्या शब्दाला आहे," साहेब घाईने म्हणाले. पण बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी आपला एकटीचा कॉम्प्युटर चालू ठेवून वजन करायला लावलं. मग इतरांनाही हुरूप आला. प्रत्येकाचा कॉम्प्युटर एकेक करून तोलला गेला आणि प्रत्येकजण आपल्या टेबलाकडे तोंड पाडून परतला.

साहेब मात्र काट्यावरून नजर हटवत नव्हते. "थरथरतोय," ते म्हणाले. खरंच, बाराही चालू असले की काट्याचं टोक किंचित कापत होतं. वायरमन म्हणाला, "आतले पंखे जोरात फिरतात ना, साहेब." पण साहेबांना वाट सापडली होती. वजन दाखवत नाही तर नाही, निदान सॉफ्टवेअरने काटा तरी स्थिर ठेवावा. जे ठेवील ते खरं.

थोरलं चढवलं. काटा थोडा कमी थरथरला. वायरमनने धाकटं चढवलं ते नुसतं शास्त्रापुरतं. पंखे हळूहळू मंद झाले आणि काटा चित्रासारखा उभा राहिला.

वायरमनचा विश्वास बसेना. तो पडद्यात डोकं घालून बसला, तेव्हा उलगडा झाला. जो कॉम्प्युटर नुसताच रिकामा बसलाय, त्याला धाकटं हळूच डुलकी घेऊ देत होतं, आणि त्या कार्यालयात रिकामं बसणाऱ्यांची कमी नव्हती. म्हणून सर्व्हर तापत नव्हता. इतकी तुलना करूनही हे त्याच्या नजरेतून निसटलं होतं.

"साहेब, याचं कारण असं आहे की..."

"कारण नको," साहेब म्हणाले. "काटा बोलला." आणि त्यांनी सर्व्हरच्या कडेला शिशाचं सील ठोकलं.

घरी वायरमनला घास जाईना. बायको म्हणाली, "वाईट निवडलं का?"

"नाही, तेच चांगलं आहे. मधलं घेतलं असतं तर उन्हाळ्यात सर्व्हर भाजून निघाला असता."

"मग तोंड का असं?"

"निवडायची रीत चुकीची आहे गं."

"माझ्या बाबांनी तुझे दात बघून होकार दिला होता," ती म्हणाली. "मी कधी कुरकूर केली? वाढू का भात?"

त्याने भात घेतला.

धाकटं छान चाललं. फक्त सील ठोकलेल्या वस्तूच्या नियमाप्रमाणे दरवर्षी फेरतपासणीला सगळं बंद करून सर्व्हर तळमजल्यावर न्यावा लागे, आणि त्या दिवशी कार्यालयाला अघोषित सुट्टी मिळे. मोठ्या बाई तेवढ्या थांबत. यंदा तरी वाढेल, असं त्यांना दरवर्षी वाटे.

हळूहळू बातमी पसरली, की या कार्यालयात एका सर्व्हरवर बारा कॉम्प्युटर बिनतक्रार चालतात. एकदा पाणीपुरवठ्याच्या कॉम्प्युटर प्रमुखाचा फोन आला. बिचारा तिन्ही सॉफ्टवेअरांच्या तुलनेत महिनाभर बुडाला होता.

"तुम्ही तुमचं सॉफ्टवेअर कसं निवडलंत हो?"

वायरमनने पंख्यांचं, उष्णतेचं, रिकाम्या कॉम्प्युटरांच्या डुलकीचं सगळं कारण जिभेवर आणलं. मग समोर बसलेल्या साहेबांकडे पाहिलं.

"वजन करून," तो म्हणाला.

पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला. "बरं," तो माणूस म्हणाला, "किती भरलं?"