पाचव्या भागातली हवालदार

अंतराळातल्या युद्धाची एक इंग्रजी कादंबरीमालिका मी गेली काही वर्षं मराठीत आणत होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकाकडून हे काम आलं, तेव्हा जरा नाकच मुरडलं होतं. ग्रह, तोफा, अंतराळयानं. त्यात मला काय रस? पण पहिल्याच भागात एक बाई भेटली आणि मी अडकले.

ती पलटणीतली हवालदार. पन्नाशीची, गुडघा दुखणारी. भीती वाटली की हातमोजे काढून पुन्हा घालायची. लढाई संपली की यंत्रात नोंद झालेली असली तरी मेलेल्यांची नावं स्वतःच्या अक्षरात उतरवून काढायची. चार भाग मी तिच्यासाठीच केले म्हटलं तरी चालेल.

तिचा हुद्दा मराठीत हवालदार असावा, हे माझ्या थोरल्या भावानं ठरवलं. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, फौजेतून सुभेदार म्हणून घरी आलेले. इस्लामपूरजवळ गावी राहतात. साखरेनं त्यांची नजर अधू झाली आहे. दर दुसऱ्या रविवारी मी सांगलीहून एसटीनं जायची आणि झालेली पानं त्यांना वाचून दाखवायची. फौजेतले शब्द चुकले की ते तिथंच थांबवायचे.

पाचवा भाग आला आणि पहिल्या पन्नास पानांतच मला काहीतरी खटकायला लागलं. हवालदार फटाफट बोलत होती. गोळी सुटली की एक चुरचुरीत वाक्य, स्फोट झाला की दुसरं. गुडघ्याचा पत्ता नाही. तिसऱ्या प्रकरणात तिचा बिनतारी संदेशवाला मेला. चार भाग तिच्या शेजारच्या बिछान्यावर झोपलेला माणूस, अर्ध्या ओळीत संपला. पुढच्याच पानावर ती कप्तानाच्या पाठीवर थाप मारून हसत होती.

ते मी दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पान सुटलं का गं मदलं?"

"न्हाई दादा. असंच हाय."

"परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ही ती बाई न्हाई. तिचा युनिफॉर्म घालून दुसरंच कोनतरी आलंय."

मग मी न विचारताच ते सांगायला लागले. "आमच्यातला एक जण गेला, तवा त्येची ट्रंक बांधायचं काम माज्याकडं आलं. कपडे, फोटू, घरची पत्रं, सगळं यादीत लिवलं. तळाला अर्धा साबण निघाला. वापरलेला. आता अर्धा साबण घरी पाठवायचा का न्हाई? आन् यादीत काय लिवायचं? तासभर तसाच बसलो, साबण हातात घिऊन."

"मग?"

"पाठवला. त्येच्या घरी पुढं दोनदा गेलो. पर साबणाचं इचारायचं धाडस झालं न्हाई."

मी सांगलीला परतले आणि तो साबण कादंबरीत घातला. फक्त सहा ओळी. हवालदार संदेशवाल्याची पेटी उघडते आणि तिला तळाशी अर्धा साबण सापडतो. तेवढ्यानं ते प्रकरण उभं राहिलं. पंधरा दिवस मी खुशीत होते. मूळ लेखकालाही हे सुचायला हवं होतं, असंसुद्धा वाटून गेलं.

पुढच्या वेळी काही न सांगता मी ते वाचलं. साबणाशी आल्यावर दादांनी हात वर केला.

"ह्ये त्यात हुतं?"

"न्हाई. मी घातलं."

"काढ."

"दादा, बरं न्हाई वाटलं का तुमाला?"

"लय बरं वाटलं. म्हनून तर काढ म्हनतो. त्यो साबण त्येचा हाय. दुसऱ्याच्या आळसावर झाकन घालायला न्हाई दिला मी तुला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला मात्र वर बघवेना. विचारायला हवं होतं, एवढंही मला सुचलं नव्हतं. परतीच्या एसटीतच पेन काढून मी त्या सहा ओळींवर काट मारली.

संपादकांना फोन करून सांगितलं, "हा भाग पोकळ आहे. माणसं उरलेलीच नाहीत त्यात."

"मॅडम, वाचकांना लढाया हव्या असतात," ते समजुतीनं म्हणाले. "आहे तसं द्या."

उरलेली तीनशे पानं मी आहे तशी दिली. रोज दुपारी बसायचं, ठरलेली पानं करायची आणि उठायचं. हवालदार ओरडली, हसली, जिंकली. मला ती कुठंच दिसली नाही. दादांनीही पुढचं काही ऐकायला मागितलं नाही.

पुस्तक आल्यावर साताऱ्याच्या एका वाचक बाईंचा फोन आला. आधीचे चारही भाग त्यांनी दोन-दोनदा वाचलेले होते. भीत भीतच म्हणाल्या, "रागावू नका, पण या वेळी तुमचं भाषांतर जमलं नाही. हवालदार किती जिवंत असायची! तुम्ही घाईत केलंत का?"

मूळच तसं आहे, असं ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून आलं. "हो, कमी पडले मी," म्हणाले आणि फोन ठेवला.

सहाव्या भागासाठी विचारणा आली तेव्हा मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "दमलीयास तू. सोड आता." मी नकार कळवला. दुसऱ्या कुणीतरी काम घेतलं, असं ऐकते.

रविवारी अजून जाते. आता वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिसऱ्या-चौथ्या बातमीला दादांचा डोळा लागतो. मी आवाज हळूहळू उतरवते, मग थांबते, आणि वहिनी चहाला हाक मारेपर्यंत तशीच बसून राहते.